ओळख पटण्याचे अंतर

घराबाहेर लावायचा स्वस्त कॅमेरा ही वस्तू चोरांसाठी घेतली जाते असा एक सार्वत्रिक समज आहे, आणि विकणारा, बसवणारा व विकत घेणारा हे तिघेही तो मनापासून बाळगत असल्यामुळे तो तपासून पाहण्याची गरज आजवर कोणाला भासलेली नाही. महाराष्ट्रातल्या एखाद्या मध्यम आकाराच्या गावात, रो-हाउसच्या रांगेतल्या एका छज्ज्याखाली बसवलेल्या अशा कॅमेऱ्याचे महिनाभराचे चित्रण कोणी चिकाटीने पाहिलेच, तर त्यात दूधवाला, पेपरवाला, घंटागाडीवरचा माणूस, शेजारचे मांजर, पहाटे जास्वंदीला हात घालणारे एक सुपरिचित गृहस्थ आणि असंख्य पतंग व पाकोळ्या एवढी मंडळी सापडतात. चोर तेवढा सापडत नाही. हा दोष कॅमेऱ्याचा नाही, आणि चोराचा तर मुळीच नाही. जे यंत्र अनोळखी माणसासाठी आणले, ते आयुष्यभर ओळखीच्याच माणसांकडे पाहत बसते, आणि असे का होते याची कारणे काही अंशी प्रकाशशास्त्रात, काही अंशी अंकगणितात व पुष्कळशी घरातल्या माणसांत आहेत.

राखण ही कल्पना मराठी मुलखाला नवी नाही. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा वेतोबा रात्री गावाभोवती फेरी मारतो आणि त्या फेरीत त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा असून, भाविक त्याला नवसाच्या प्रचंड आकाराच्या चपला वाहतात. आधुनिक परिभाषेत सांगायचे तर ही चोवीस तास चालणारी, विजेवर अवलंबून नसलेली आणि पायांनी फिरणारी व्यवस्था होय, व तिचा देखभालीचा खर्च म्हणजे चपलांचा जोड आणि केळ्यांचा घड. तिच्यात चित्रण साठवण्याची सोय नाही हे खरे. परंतु ज्याला पाहायचे त्याने पाहिलेले आहे, एवढी खात्री तेथे पुरते.

यंत्राने दार राखण्याची गोष्ट मात्र दूर न्यूयॉर्कमध्ये सुरू होते. क्वीन्स भागातील जमैका या वस्तीत राहणारी मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन ही परिचारिका होती, तिचा नवरा आल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ होता, दोघांच्याही कामाच्या वेळा आडनिड्या होत्या, आणि त्या वस्तीत पोलिसांना बोलावले तर ते येईपर्यंत बराच वेळ जाई. म्हणून या जोडप्याने १९६६ साली एका रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी ते त्यांना मिळाले. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोके, त्यांच्यामागे वर-खाली सरकणारा कॅमेरा, निजायच्या खोलीत पडदा, बाहेरच्याशी बोलायला ध्वनियंत्रणा, अंथरुणातूनच कडी उघडण्याची कळ आणि संकटसमयी दाबायचे बटण, असा तो सरंजाम होता. आज दोन-अडीच हजारांच्या खोक्यावर ‘नवीन’ म्हणून छापलेली बहुतेक वैशिष्ट्ये त्यात होती. चार भोके वेगवेगळ्या उंचीवर ठेवण्यामागचा विचार असा की येणारा माणूस उंच असेल, ठेंगू असेल किंवा मूल असेल; त्याचा चेहरा दिसला पाहिजे, टाळू नव्हे. हा विचार पुढच्या साठ वर्षांत कोठे हरवला, हे छज्ज्याखालच्या कॅमेऱ्याचे चित्र पाहताच ध्यानात येते.

खरेदीचा निर्णय घरात सहसा वर्तमानपत्रातील बातमीने होतो. आसपासच्या एखाद्या कॉलनीत बंद घर फोडले गेल्याचे वाचले की रात्रीच्या जेवणाला हा विषय निघतो, आणि तेथे प्रथमच घराबाहेर असलेल्या मालमत्तेची मोजदाद होते. पोर्चमध्ये एक स्कूटर, दोन सायकली (पैकी एक पंक्चर), पाण्याची मोटर, चपलांचा स्टँड, कुंड्या, एक पिंप, आणि माळ्यावर जागा नाही म्हणून बाहेर आलेला जुना कूलर. स्कूटर वगळली तर या सर्व ऐवजाचे भंगारवाला जे काही देईल, त्याहून कॅमेऱ्याची किंमत अधिक भरते, हे सत्य घरातील ज्येष्ठांच्या तत्काळ लक्षात येते आणि ते तसे बोलूनही दाखवतात. त्यावर ‘प्रश्न पैशांचा नाही, सुरक्षिततेचा आहे’ असे उत्तर मिळते. यानंतरचे दोन आठवडे प्रश्न पैशांचाच असतो.

प्रत्येक कुटुंबात तांत्रिक बाबींवर सल्ला देणारा एक भाचा असतो, ज्याची त्या क्षेत्रातली पात्रता म्हणजे त्याने पूर्वी मामांचा फ्रिज ऑनलाइन मागवलेला असतो. हा भाचा दोन मार्ग सांगतो. पहिला वायरचा: प्रत्येक कॅमेऱ्यापासून घरातल्या डीव्हीआरपर्यंत, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या डब्यापर्यंत, एक तार ओढायची, तिला या धंद्यात ‘थ्री प्लस वन’ म्हणतात, कारण चित्र नेणाऱ्या एका जाड तारेसोबत वीज व आवाजासाठी तीन बारीक तारा तिच्यात एकत्र गुंडाळलेल्या असतात. दुसरा मार्ग वाय-फायचा, ज्यात चित्र हवेतून जाते आणि कॅमेऱ्याला फक्त वीज द्यावी लागते. ‘फक्त वीज’ या दोन शब्दांवर भुलून पुष्कळ लोक दुसरा मार्ग पत्करतात, आणि बिनतारी म्हणून आणलेल्या कॅमेऱ्यासाठी नऊ मीटर वायर आणायला दुसऱ्या दिवशी बाजारात जातात. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोड येथे या विषयाचे ज्ञान मुबलक मिळते. मात्र ते देणारा एकाच वेळी तीन गिऱ्हाइकांशी बोलत असतो, त्यामुळे आपल्या वाट्याला आलेले उत्तर आपल्याच प्रश्नाचे आहे की शेजारच्याच्या, याची शहानिशा घेणाऱ्याने करायची असते.

निवडीचा सर्व भर मेगापिक्सेल या आकड्यावर असतो, म्हणून त्याची थोडी फोड करणे अगत्याचे आहे. पिक्सेल म्हणजे चित्राचा सर्वांत लहान ठिपका. रांगोळी काढताना ठिपक्यांच्या कागदाने जे काम होते तेच येथेही होते: ठिपके जितके दाट, तितकी आकृती रेखीव, आणि मोजकेच ठिपके घेऊन मोठे अंगण भरायला गेले की मोराचा कावळा होतो. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडव्या रांगेत १९२० ठिपके असतात. समोरच्या दृश्याच्या एका मीटर रुंदीला त्यांतले किती ठिपके वाट्याला येतात, यावर काय ओळखू येईल हे ठरते, आणि त्याचे आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६२६७६ या मालिकेच्या चौथ्या भागाच्या २०१४ च्या आवृत्तीत दिलेले आहे. मीटरमागे २५ ठिपके असले तर ‘तेथे कोणीतरी आहे’ एवढे कळते. ६२ असले तर त्याच्या पेहरावाचा अंदाज येतो. १२५ असले तर पूर्वी पाहिलेला माणूस हाच, असे म्हणता येते. आणि अनोळखी माणसाची ओळख निःसंशय पटण्यासाठी २५० लागतात.

आता गणित करावे. १९२० ठिपके मीटरमागे २५० प्रमाणे वाटले तर ते ७.६८ मीटर रुंदीला पुरतात, आणि स्वस्त कॅमेऱ्याच्या सुमारे शंभर अंशांच्या रुंद भिंगासमोर दृश्याची रुंदी एवढी होते ती फक्त ३.२ मीटरवर, म्हणजे साडेदहा फुटांवर. त्यापलीकडे, एकवीस फुटांपर्यंत, ओळखीचा माणूस ओळखीचा वाटतो. त्यापुढे काही अंतर पेहरावाचा अंदाज तेवढा येतो, आणि मग शंभरेक फुटांपर्यंत ‘तेथे कोणीतरी आहे’ एवढेच समजते, आणि ही माहिती पूर्वी ओसरीवर बसलेली आजी डोळ्यांत मोतीबिंदू असताना देत असे. थोडक्यात, अनोळखी माणसाने ओळख पटवून देण्यासाठी साडेदहा फुटांच्या आत यावे, चेहरा वर करावा आणि क्षणभर उभे राहावे अशी या यंत्राची अपेक्षा असते. ही अपेक्षा पाहुणे पूर्ण करतात, वर्गणी मागणारे पूर्ण करतात, ज्याचा पेशा ती पूर्ण न करण्याचा आहे तो करत नाही. पुण्यासारख्या शहरात तर दुचाकीवरून येणाऱ्या प्रत्येक तरुणीच्या चेहऱ्याला स्कार्फ, हातांना हातमोजे व डोळ्यांना गॉगल असल्यामुळे घरातली मुलगी आणि घरफोडी करायला आलेली व्यक्ती यांत मानकाच्या कोणत्याही पायरीवर फरक करता येत नाही.

यावरचा उपाय प्रकाशशास्त्राने फार पूर्वीच सांगून ठेवला आहे. भिंगाचे नाभीय अंतर वाढवले, म्हणजे २.८ मिलिमीटरऐवजी ६ मिलिमीटरचे भिंग घेतले, तर दृश्याची रुंदी कमी होते, तेवढेच ठिपके थोड्या जागेत दाटतात आणि गेटपाशी उभा असलेला माणूस ओळखू येतो. परंतु घेणाऱ्याला सांगून पाहावे की यात गेट स्वच्छ दिसेल पण समोरचा रस्ता, कोपऱ्यावरचा टपरीवाला आणि पलीकडच्या बंगल्याचे फाटक दिसणार नाही. तो ताबडतोब रुंद भिंग उचलतो. सगळे दिसले पाहिजे, हा आग्रह सुरक्षिततेतून आलेला नसतो.

पाऊस हा या खरेदीतला दुसरा पक्षकार. खोक्यावर ‘आयपी ६६’ असे छापलेले असते, ज्यातला पहिला आकडा धुळीसंबंधी व दुसरा पाण्यासंबंधी असतो: पहिला सहा म्हणजे धूळ आत शिरणार नाही, आणि दुसरा सहा म्हणजे साडेबारा मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला शंभर लिटर या वेगाने मारलेला पाण्याचा फवारा यंत्र सोसेल. कोकणातला आषाढसुद्धा या कसोटीपुढे सौम्य म्हणावा. अडचण अशी की ही ग्वाही कॅमेऱ्याच्या देहापुरती असते. त्याच्या शेपटीला, म्हणजे मागून लोंबणाऱ्या वायरच्या जोडाला आणि अडॅप्टरला, ती लागू नसते. जाणकार बसवणारा तो जोड फोर बाय फोरच्या प्लास्टिकच्या बॉक्समध्ये बंद करतो आणि वायरला बॉक्सच्या आधी खाली झोळ देतो, जेणेकरून वायरवरून ओघळणारे पाणी त्या झोळाच्या तळाशी येऊन टपकून जाते, आत चढत नाही. बॉक्सचे साठ-सत्तर रुपये वाचवायचे ठरलेल्या घरात मात्र त्या जोडावर दुधाची रिकामी पिशवी उलटी घालून रबर लावले जाते. जून संपेपर्यंत पिशवीच्या आत वाफ धरते, जुलैत हिरवट बुरशी येते, आणि ऑगस्टमध्ये चित्र जाते. तेव्हा ‘कंपनीचा माल पूर्वीसारखा राहिला नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. बॉक्स लावलेल्या घरातही सर्व आलबेल असते असे नाही. वर्षभराने तो उघडला तर आतल्या उबेला पालीने संसार थाटलेला असतो, आणि राखणदाराच्या घरात बिऱ्हाड करणारी ती पाल कॅमेऱ्याला एकदाही दिसलेली नसते.

बसवण्याचा दिवस शक्यतो रविवारचा ठरतो. बसवणारा मुलगा सांगितलेल्या वेळेनंतर दोन तासांनी मोटारसायकलवरून येतो, त्याच्या पाठीवरच्या सॅकमध्ये ड्रिल मशीन, गिट्ट्या व स्क्रू असतात, आणि उरलेली सामग्री तो यजमानांकडून एकेक करून मिळवतो. ‘काका, शिडी असेल ना?’ शिडी नसते, म्हणून स्वयंपाकघरातले स्टूल येते. ‘एक्स्टेन्शन?’ ते इस्त्रीचे काढून दिले जाते. ‘मावशी, एखादं फडकं?’ मागोमाग पेन्सिल, जुने वर्तमानपत्र, चहा. कॅमेरा आठ ते दहा फुटांवर असावा असे संकेत आहेत, कारण त्याखाली तो हाताने फिरवता येतो आणि त्याहून वर माणसांची फक्त टकले ओळखू येतात. परंतु नेमकी जागा अखेर ठरते ती मोकळा स्विच जेथे असेल त्यावरून. तो स्विच पूर्वी दिवाळीच्या आकाशकंदिलासाठी काढलेला असतो. मराठी घराच्या संरक्षणव्यवस्थेचा कोन असा आकाशकंदिलाने ठरवलेला असतो, आणि दर दिवाळीत पंधरा दिवस तो कंदील पुन्हा आपल्या जागी येऊन कॅमेऱ्याच्या डोळ्यापुढे हेलकावे खातो.

दिशा लावणे हा त्या दिवसाचा उत्कर्षबिंदू. एक माणूस स्टुलावर उभा राहून कॅमेरा फिरवतो आणि दुसरा खाली फोनमध्ये पाहून सूचना देतो, पण कॅमेऱ्याने टिपलेले चित्र राऊटरवरून, पुष्कळदा दूरच्या सर्व्हरवरून, फोनवर उतरायला दोन-तीन सेकंद लागतात हे दोघांनाही ठाऊक नसते. त्यामुळे खालचा ‘डावीकडे, अजून डावीकडे’ म्हणत असतो तोवर वरच्याने कॅमेरा डावीकडे पुरेसा नेलेला असतो. खालच्याला ते दिसते तेव्हा वरचा आणखी पुढे गेलेला असतो. ‘गेला, गेला, मागे या’ अशी हाक येते, आणि मागे येतानाही तेच होते. अर्ध्या तासात घड्याळाच्या लंबकाप्रमाणे डोलत डोलत कॅमेरा जेथे थकून थांबतो, तेथेच तो पुढची पाच वर्षे पाहतो. चित्रात तेव्हा गेटचा अर्धा भाग, विजेचा खांब आणि शेजाऱ्यांच्या बाल्कनीतील दोरीवरचे कपडे आलेले असतात.

वाय-फाय जोडताना आणखी एक विघ्न येते. घरातला राऊटर दोन प्रकारच्या लहरी सोडतो: पाच गिगाहर्ट्झची जलद आणि २.४ गिगाहर्ट्झची संथ. यांतली पहिली वातानुकूलित बससारखी आहे, वेगात जाते पण प्रत्येक वाडीवर जात नाही. दुसरी एसटीसारखी, रडतखडत का होईना पण भिंती ओलांडून शेवटच्या फाट्यापर्यंत पोचते. बहुतेक स्वस्त कॅमेरे फक्त एसटीचे प्रवासी असतात, आणि फोन मात्र वातानुकूलित बसमध्ये बसलेला असल्यामुळे दोघांची गाठ पडत नाही. मग फोनच्या पडद्यावर उमटलेले काळ्या-पांढऱ्या चौकटींचे चित्र, ज्याला क्यूआर कोड म्हणतात, ते स्टुलावर चढून कॅमेऱ्यापुढे देवाला निरांजन ओवाळावे तसे पुढे-मागे धरावे लागते. कॅमेरा त्या वेळी एका परदेशी बाईच्या आवाजात ‘प्लीज वेट’ असे गल्लीभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणतो, आणि चौथ्या वेळी ‘कनेक्शन फेल्ड’ असे सांगतो. नव्या कॅमेऱ्याची बातमी गुप्त ठेवण्याचा घरचा बेत येथेच संपतो.

दिवेलागणीला कॅमेऱ्यातून ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. दिवसा भिंगामागे एक गाळणी असते जी अवरक्त किरण, म्हणजे तांबड्याच्या पलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे किरण अडवते, कारण ते मिसळले तर चित्राचे रंग बिघडतात. अंधार पडला की ही गाळणी बाजूला सरकते, कॅमेऱ्याभोवतीचे बारीक दिवे ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश टाकू लागतात, आणि चित्र कृष्णधवल होते. माणसाला त्या दिव्यांची फक्त मंद तांबूस ठिणगी दिसते. पतंग व चिलटे मात्र तेथे जमतात, चिलटांमागे कोळी येतो, आणि भिंगासमोरची उबदार, नित्य भक्ष्य मिळणारी, वाऱ्यापासून आडोसा असलेली जागा हेरून तो तेथे जाळे विणतो. जाळ्याचा प्रत्येक धागा जवळच्या दिव्यांत प्रखर पांढरा चमकतो, त्यामुळे मध्यरात्रीनंतरचे चित्र म्हणजे एक विशाल आठपायी प्राणी गेटवरून, स्कूटरवरून व सबंध आळीवरून धीरगंभीर पावले टाकत चालल्याचे दृश्य असते. भक्ष्याची वाट पाहत रात्रभर जागा राहणारा राखणदार घराला खरोखर मिळतो, पण तो खोक्यात आलेला नसतो.

स्वस्त कॅमेऱ्याला हालचाल कळते म्हणजे काय, हे येथे सांगणे भाग आहे. साध्या पद्धतीत तो आताचे चित्र आणि क्षणापूर्वीचे चित्र यांची तुलना करतो आणि फरक दिसला की फोनवर सूचना पाठवतो. थोड्या वरच्या पद्धतीत तो फरकाचा आकार माणसासारखा आहे का हेही पाहतो. पहिल्या पद्धतीत तुळस हलली, ढग आला, मोटारीचा उजेड भिंतीवरून गेला, तरी सूचना येते, आणि पहिल्या रात्री घरमालकाच्या उशाशी फोन पहाटेपर्यंत टिणटिणत राहतो. दुसरीत ‘मनुष्य आढळला’ अशी सूचना येते, सर्वजण दचकून उठतात, चित्र उघडतात, आणि दोरीवर हँगरला लावलेला आजोबांचा झब्बा वाऱ्यावर दोन्ही बाह्या पसरून उभा असलेला दिसतो. तिसऱ्या दिवशी सूचना बंद केल्या जातात. त्या पुन्हा चालू करायच्या राहून गेल्या, हे चोरी झाली तरच कळते.

साठवणुकीचे अंकगणितही निष्ठुर आहे. सेकंदाला दोन मेगाबिट या सामान्य वेगाने अखंड चित्रण केले तर दिवसाला २१.६ गिगाबाइट जागा लागते, म्हणजे १२८ गिगाबाइटचे कार्ड जेमतेम सहा दिवसांत भरते, एच.२६५ ही अधिक घट्ट घडी घालणारी पद्धत वापरली तर साधारण दुप्पट दिवस मिळतात. त्यानंतर पाटी पुसून पुन्हा लिहावे तसे जुन्यावर नवे चित्रण चढते. मे महिन्यात पंधरा दिवस गावी गेलेले कुटुंब परतते तेव्हा त्याला गेल्या सहा दिवसांची रिकामी आळी सविस्तर पाहायला मिळते. आणि समजा नेमका क्षण हाती लागला, तरी तो न्यायालयात नेण्यासाठी भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावे लागते. डीव्हीआर घेतलेल्या घराला यातून एक सूट मिळू शकते, कारण सराईत चोर जाताना डीव्हीआरही उचलून नेतो.

या यंत्राला आणखी एक दार असते, जे गेटाकडे नसून इंटरनेटकडे उघडते. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरचे कॅमेरे व डीव्हीआर कारखान्यातून आलेल्या साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा यंत्रांच्या झुंडीने संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर एकाच वेळी विनंत्यांचा मारा केल्याने ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेत कित्येक तास कोलमडल्या. कोणा सज्जनाचा गेटवरचा कॅमेरा रात्रभर परदेशावर हल्ला करत असतो आणि सकाळी त्याच निरागसतेने दूधवाल्याकडे पाहतो, हा प्रकार विलक्षण खरा. भारत सरकारने २०२४ मध्ये अधिसूचना काढून कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या केल्या आणि एप्रिल २०२५ पासून त्या लागू झाल्या, त्यामुळे घेताना खोक्यावरचे प्रमाणन पाहणे शहाणपणाचे. पासवर्ड बदलणे मात्र कोणतेही सरकार घरी येऊन करत नाही. आणि बदललाच तर तो थोरल्या मुलाची जन्मतारीख असतो, जी नातेवाइकांच्या ग्रुपवर दरवर्षी केकसह जाहीर होते.

शेजाऱ्यांचा प्रश्न यानंतर येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि बाल्कनीतील दोरीवर कॅमेऱ्याची नजर आलेल्या शेजारच्या वहिनींना हा निकाल ठाऊक नसला तरी त्याचे मर्म पूर्ण ठाऊक असते. ‘तुमचा कॅमेरा आमच्याकडे बघतो’ ही तक्रार प्रथम कामवाल्या मावशींमार्फत, मग हळदीकुंकवात आणि शेवटी संक्रांतीच्या तिळगुळासोबत पोचते. बहुतेक कॅमेऱ्यांत चित्राचा ठरावीक भाग काळ्या चौकटीने झाकण्याची सोय असते, ती वापरावी. आणि चौकट घातल्याचे दाखवायला वहिनींना घरी चहाला बोलावावे, कारण त्यांना खरे तर आळीचा उरलेला भाग कसा दिसतो हेच पाहायचे असते.

अशाच एका बैठकीत जास्वंदीचे प्रकरण उघडकीस येते. वर्षानुवर्षे सकाळी पूजेच्या वेळी झाडावर एकही फूल नसे, आणि संशय शाळेच्या मुलांवर होता. चित्रणात पहाटे पाच वाजून बावीस मिनिटांनी, कॅनव्हासचे बूट घातलेले, हातात प्लास्टिकची पिशवी घेतलेले एक निवृत्त गृहस्थ गेटबाहेरून काठीने फांदी वाकवतात, एक एक फूल देठाजवळ नीट चिमटीत धरून खुडतात, कळ्या उद्यासाठी ठेवतात आणि निघताना तुळशीकडे वळून नमस्कार करतात. काठीचा आकडा त्यांनी खास त्यासाठी घडवून घेतलेला असावा इतका तो नेमका बसतो. गेट कॅमेऱ्यापासून अठरा फुटांवर असल्यामुळे मानकाप्रमाणे ही निःसंशय ओळख नव्हे, केवळ ‘पूर्वी पाहिलेला माणूस हाच’ ही पायरी. पण त्यांना सारी आळी तीस वर्षे पाहत आलेली आहे. पुरावा हाती असूनही कोणी काही बोलत नाही. ‘त्यांच्या गणपतीला वाहिली काय न् आपल्या काय,’ असे घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, आणि त्या दिवसापासून ते गृहस्थ सकाळच्या फेरीत भेटले की घरातले सर्वजण त्यांच्याशी अकारण जास्त हसून बोलू लागतात, ज्यामुळे तेच संशयाने पाहू लागतात.

कॅमेऱ्याकडे सर्वांत निष्ठेने पाहणारा माणूस मात्र बहुधा त्या आळीत राहत नसतो. तो न्यू जर्सीत असतो. तेथील उन्हाळ्यात भारतीय घड्याळ साडेनऊ तास पुढे असते, त्यामुळे सांगलीतल्या आई-वडिलांची रात्री साडेदहाची निजानीज ही त्याची दुपारची एकची जेवणाची सुट्टी. त्या सुट्टीत तो डबा उघडतो, फोनवर घराचे गेट उघडतो, आणि सांगलीत फोन वाजतो: ‘बाबा, कडी लावलेली दिसत नाहीये.’ बाबा चपला घालून बाहेर येतात, कडी लावतात, आणि वर पाहून लावल्याची खूण करतात. काही दिवसांनी कडी मुद्दामच राहू लागते. आईला हे उमगते, पण ती तसे म्हणत नाही. ती कोथिंबिरीची जुडी आणि पोराला आवडणारी हिरवी वांगी बाजारातून आणली की पिशवीतून काढून क्षणभर कॅमेऱ्याखाली धरते, आणि मग आत जाते.

रविवारी सकाळी नऊ वाजता कोळ्याचे जाळे काढायचा कार्यक्रम असतो. तेच स्टूल बाहेर येते, बाबा त्यावर चढतात, जुन्या बनियनचा तुकडा बोटाला गुंडाळून भिंग पुसतात, आणि नीट पुसले गेले का हे पाहण्यासाठी चष्मा कपाळावर सारून चेहरा भिंगाच्या चार इंचांवर नेतात. न्यू जर्सीत त्या वेळी शनिवारचे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, आणि तेथे सूचना बंद केलेल्या नसतात. फोन टिणटिणतो, पडद्यावर ‘मनुष्य आढळला’ अशी अक्षरे येतात, आणि चित्र उघडताच एक प्रचंड नाक, त्यावरचा चष्म्याचा खोल वळ आणि दाढी करताना राहिलेले दोन पांढरे केस दिसतात. वर्षभराच्या चित्रणात मीटरमागे २५० ठिपक्यांची अट इतक्या मोठ्या फरकाने ओलांडणारा हा एकमेव चेहरा असतो.

‘बाबा, उतरा आधी स्टुलावरून,’ असा आवाज कॅमेऱ्यातून येतो, आणि दचकून त्यांचा हात लागल्याने कॅमेरा पुन्हा विजेच्या खांबाकडे वळतो.